बाद झालेल्या नायकाला जिवंत कोण करतं?

बोनकोडे गावात आणि आसपासच्या मैदानांवर कबड्डीचे सामने पाहताना मी अनेक वर्षं वहीत नोंदी करत आलो आहे. संशोधनाचं रीतसर शिक्षण मला नाही. एका वर्षी एका मंडळाने बाहेरगावचा नावाजलेला चढाईपटू आणला. सगळा पैसा त्याच्यावर खर्च झाला. घरचा डावा कोपरारक्षक प्रवासखर्चही मिळेना म्हणून दुसऱ्या संघात गेला. पाहुणा चमकला, पण संघ हरला. वही उघडली तेव्हा दिसलं, की उत्तरार्धाचा बराचसा वेळ तो बाहेरच बसून होता.

बास्केटबॉलमध्ये नायक थकला किंवा त्याचे फाउल भरले तरच बाहेर बसतो. तरीही तिथे एकट्याचं भागत नाही. मायकेल जॉर्डनने १९८६-८७च्या हंगामात सामन्यामागे ३७.१ गुण मिळवले, पण शिकागो बुल्स बाद फेरीच्या पहिल्याच टप्प्यात गारद झाले. १९८७मध्ये स्कॉटी पिपेन आणि होरेस ग्रँट आले. १९९१मध्ये पहिलं विजेतेपद मिळालं, तेव्हा जॉर्डनची सरासरी ३१.५ होती.

कबड्डीचा नियम याहून कठोर आहे. पकड झाली की चढाईपटू बाद. प्रतिस्पर्ध्याचा एक गडी बाद झाला तर आपला एक जिवंत होतो. बोनस गुणाने कुणीच होत नाही. शिवाय जो आधी बाद, तो आधी परत. नायक रांगेत तिसरा असेल तर साथीदारांनी समोरचे तीन गडी टिपेपर्यंत त्याला बसून राहावं लागतं. म्हणजे कोपरारक्षक आणि मध्यरक्षक पकडी करतात तेव्हा गुणांबरोबर नायकाचा मैदानावरचा वेळही कमावतात. दुसरा चढाईपटू भरवशाचा असेल, तर दोन चढाया रिकाम्या गेल्यावरची तिसरी, जोखमीची चढाई दर वेळी नायकाच्या गळ्यात पडत नाही.

प्रो कबड्डीत हे वारंवार दिसलं. २०१५च्या हंगामात चढाईत सर्वाधिक गुण सांगलीकडच्या काशिलिंग आडकेचे होते, पण त्याचा दिल्लीचा संघ शेवटच्या चारांत नव्हता. विजेता ठरला यू मुंबा. तिथे कर्णधार अनुप कुमारच्या पाठीशी कोपऱ्यांत सुरेंदर नाडा आणि मोहित छिल्लर होते, मध्यात जीवा कुमार आणि मुंबईचा विशाल माने.

पाटण्याचं उदाहरण आणखी बोलकं आहे. परदीप नरवालने २०१७मध्ये चढाईचे ३६९ गुण मिळवले आणि संघ जिंकला. २०१९मध्ये त्याने ३०२ मिळवले, तरी संघ बाद फेरीत पोहोचला नाही. पुढच्या हंगामात तो दुसऱ्या संघात गेला. मोहम्मदरझा शादलुई आणि नीरज कुमार यांच्या बचावावर उभ्या असलेल्या पाटण्याने फेब्रुवारी २०२२मध्ये अंतिम फेरी गाठली आणि ती अवघ्या एका गुणाने गमावली.

यावरून नायक नकोच, असा अर्थ काढू नये. परदीपशिवाय २०१७ घडलं नसतं. मात्र नायकाचं मानधन ठरवताना, तो बाद झाल्यावर त्याला परत आणणाऱ्यांची तरतूदही त्याच बैठकीत व्हायला हवी. तो डावा कोपरारक्षक आजही सामने खेळतो, पण दुसऱ्या गावाकडून. त्याची पकड झाली की मी वहीत दोन नावं लिहितो: एक त्याचं, दुसरं त्या पकडीमुळे मैदानात परतलेल्या गड्याचं.