दुसऱ्या तडतडीनंतर

पॉलसन म्हटलं की मराठी माणसाला लोणी आठवतं, आणि पाठोपाठ साहेबाला ते लावणारा कचेरीतला एखादा सहकारीही. पण पॉलसनचे संस्थापक पेस्तनजी एदलजी दलाल यांचा धंदा लोण्यानं सुरू झाला नव्हता. १८८८ साली, वयाच्या तेराव्या वर्षी, या पारशी मुलानं मुंबईत छोटंसं दुकान टाकलं ते कॉफी भाजून, दळून विकायला. पुढं त्यांची ‘पॉलसन्स फ्रेंच कॉफी’ निघाली, चिकोरीच्या भाजलेल्या मुळाची पूड मिसळलेली. लोणी नंतर आलं आणि कॉफीला गिळून बसलं.

मला पॉलसन आठवायचं कारण म्हणजे पुण्याजवळच्या मारुंजीतली सध्याची कॉफी. हिंजवडीचं आयटी पार्क शेजारी असल्यानं बंगळुरू, कोइमतूर, विजयवाडा सोडून आलेली माणसं इथल्या टॉवरांमध्ये राहायला आली, आणि त्यांच्या सामानात पितळी नाहीतर स्टीलचे फिल्टर आले. सकाळी लिफ्टमध्ये डिकॉक्शनचा, म्हणजे फिल्टरमधून उतरलेल्या अर्काचा, वास असतो. तेवढ्यात नव्या पद्धतीचे कॅफेही निघाले, जिथं पाटीवर लाइट, मीडियम, डार्क असे तीन रोस्ट लिहिलेले असतात. तिथले जाणकार डार्क रोस्टकडे जरा नाक मुरडूनच पाहतात. ‘जळकी’ म्हणतात तिला. माझं मत वेगळं आहे. गडद भाजलेली कॉफी जळकी असेल तर तो भाजणाऱ्याचा दोष. नीट भाजली तर आपल्या दुधाळ, गोड जिभेला हीच मानवते.

कच्चा दाणा हिरवट-करडा आणि टणक असतो, वास ओल्या गवताचा. त्यात दहा ते बारा टक्के पाणी असतं. भाजायचं यंत्र म्हणजे आडवं फिरणारं पिंप. खाली गॅसची ज्योत, पुढं काचेची छोटी खिडकी आणि मधूनमधून नमुना काढून बघायला एक पळी. पहिली काही मिनिटं पाणी उडण्यात जातात. मग दाणा पिवळा होतो, भाजक्या पावाचा वास सुटतो, रंग दालचिनीवर येतो. दाण्याचं तापमान २०० अंश सेल्सिअसच्या आसपास गेलं की आत कोंडलेल्या वाफेनं तो मोठ्यानं तडकतो. ही पहिली तडतड. मग थोडी शांतता. २२५ अंशांच्या आसपास दुसरी सुरू होते, बारीक आणि कोरडी. या वेळी कार्बन डायऑक्साइडच्या दाबानं दाण्याच्या पेशींच्या भिंती मोडत असतात आणि आतलं तेल वर यायला वाट मिळते. पहिलीच्या जवळपास थांबलं तर हलकी कॉफी, दोहोंच्या मध्ये मध्यम, आणि दुसरी ऐकू आल्यावरही आच चालू ठेवली तर गडद.

कारागिरी आहे ती इथं. तीळ भाजणाऱ्या कुणालाही ठाऊक असतं की गॅस बंद केला म्हणून भाजणं थांबत नाही. ते लगेच परातीत ओतावे लागतात. कॉफीचं याहून अवघड, कारण या टप्प्यावर दाणा स्वतःच उष्णता सोडू लागतो. म्हणून यंत्रापुढं जाळीची मोठी थाळी असते. खालून पंखा हवा ओढतो, वरून फिरता दांडा दाणे ढवळत राहतो आणि काही मिनिटांत ते हाताला सोसतील इतके गार करावे लागतात. पाव-अर्धा मिनिट उशीर झाला तर खरपूस कॉफी राखेच्या चवीची होते. हा प्रयोग फ्लॅटमध्ये कढईत करणार असाल तर जरूर करा, पण दुसऱ्या तडतडीला इतका धूर होतो आणि फोलपटं इतकी उडतात की शेजारी बेल वाजवणारच.

आगीत दाण्याचं काय होतं? वजन घटतं. शंभर किलो कच्च्या मालातून गडद भाजल्यावर साधारण ८२-८४ किलोच हाती येतात. आकार मात्र फुगतो, म्हणून चमच्यानं मोजलं तर गडद पूड वजनाला कमी भरते. आंबटपणा देणारी आम्लं मोडतात. त्यांतल्याच क्लोरोजेनिक आम्लांपासून आधी सौम्य आणि मग ठसठशीत कडू द्रव्यं तयार होतात. कॅफीन मात्र जवळपास तेवढंच राहतं. ‘डार्क म्हणजे कडक’ हा समज त्यामुळं अर्धाच खरा. झोप उडवण्याचा जोर ठरतो तो दाण्याच्या जातीवर, आणि रोबस्टात अरेबिकाच्या जवळजवळ दुप्पट कॅफीन असतं. ज्यांना कॉफीनं पित्त होतं त्यांच्यासाठी एक गोष्ट सांगतो: गडद भाजणीत एन-मिथाइलपिरिडिनियम नावाचं द्रव्य वाढतं आणि ते जठरातलं आम्ल कमी सुटू देतं, असं प्रयोगांत दिसलं आहे. पण म्हणून उपाशीपोटी तीन कप ढोसावेत असं नाही.

नाक मुरडणाऱ्यांच्या म्हणण्यातही तथ्य आहे. चिकमगळूरचा अरेबिका कोणता आणि अराकूचा कोणता, हे गडद भाजल्यावर ओळखणं फार कठीण. मातीची खूण आग पुसून टाकते. किडका, जुना माल खपवायला आणि हजारो दुकानांत एकाच चवीचा कप द्यायला हीच भाजणी सोयीची पडते. अमेरिकेत तिला प्रतिष्ठा दिली ती आल्फ्रेड पीट या डच गृहस्थानं. त्यानं १९६६ मध्ये बर्कलीत दुकान काढलं, आणि १९७१ मध्ये सिएटलला सुरू झालेल्या स्टारबक्सच्या संस्थापकांनी धडे त्याच्याकडेच घेतले. सुरुवातीला दाणेही त्याच्याकडूनच घेतले. तेच स्टारबक्स टाटांच्या भागीदारीत ऑक्टोबर २०१२ मध्ये मुंबईत हॉर्निमन सर्कलला उतरलं. इकडच्या तरुण पिढीनं डार्क रोस्ट हा शब्द तिथं ऐकला. चव मात्र नवी नव्हती.

कारण माटुंग्याच्या दाक्षिणात्य वस्तीत ‘मैसूर कन्सर्न्स’सारख्या दुकानांतून दाणे डोळ्यांदेखत दळून पुडीत बांधून मिळत आले आहेत. पुण्यात फर्ग्युसन रस्त्यावरचं ‘वैशाली’ हे उपाहारगृहही पूर्वी ‘मद्रास हेल्थ होम’ या दाक्षिणात्य नावाचं होतं. आमच्या घरांत मात्र कॉफी म्हणजे पाहुण्यांसाठीचं पेय: भरपूर दूध, त्याहून भरपूर साखर आणि वर जायफळ. हलक्या भाजणीच्या कॉफीत जायफळ टाकलं तर तिची फळांसारखी आंबूस चव दुधात विचित्र लागते. गडद कॉफी दुधाला पुरून उरते. दुधातली प्रथिनं आणि स्निग्धांश कडूपणाची धार बोथट करतात, मागं चॉकलेटसारखा खरपूसपणा राहतो आणि जायफळाला बसायला जागा मिळते. इटलीच्या एस्प्रेसोतही हेच गणित आहे. भारतीय कॉफीचा सर्वांत मोठा ग्राहक इटली, आणि त्यात कर्नाटकातला रोबस्टा भरपूर जातो. आपल्या राज्यात कॉफीसाठी नाव घ्यावं ते अमरावती जिल्ह्यातल्या चिखलदऱ्याचं, पण तिथलं पीक फार मोठं नाही.

आता करायची कशी. फिल्टरच्या वरच्या भांड्यात तीन मोठे चमचे पूड घ्या, वरची चकती अलगद टेकवा, दाबू नका. गडद भाजलेला दाणा सच्छिद्र असतो, त्यातून अर्क झटकन उतरतो. म्हणून पाणी खळखळतं नको आणि पूड फार बारीकही नको. मारुंजी समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरांहून उंच असल्यानं इथं पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं. गॅस बंद करून दोनेक मिनिटं थांबलात की ते ९० च्या जवळ येतं, तेवढं पुरे. पंधरा मिनिटांत खाली डिकॉक्शन जमतं. एक भाग डिकॉक्शन, तीन भाग गरम दूध. डिकॉक्शन पुन्हा उकळू नका, ते कडवट होतं. एकदा तरी दूध न घालता, गरम पाणी घालून प्या. कडूपणा जिभेवरून लवकर उतरून मागं गोडसर चव राहिली तर भाजणी चांगली. घशाशी राख रेंगाळली तर दुकान बदला.

पुडी घेताना दोन गोष्टी पाहा. कायद्यानं कॉफी-चिकोरी मिश्रणात चिकोरी ४९ टक्क्यांपर्यंत चालते आणि तिचं प्रमाण छापावं लागतं. चिकोरी रंग आणि घट्टपणा देते, कॅफीन अजिबात नाही. दहा-वीस टक्के ठीक. त्यापुढं आपण भाजलेल्या मुळाचे पैसे मोजत असतो. दुसरी गोष्ट ताजेपणाची. गडद दाण्यावर तेल उघडं पडलेलं असतं, ते लवकर खवट होतं, आणि आपल्या पावसाळ्यात तर पूड गोळे धरते. फ्रिजमधून आत-बाहेर केल्यानं तिला दमट हवा लागते, तेव्हा घट्ट झाकणाच्या डब्यात, ओट्यापासून लांब ठेवा. एका वेळी पाव किलोहून जास्त घेऊ नका. आणि भाजल्याची तारीख नसलेली पुडी कितीही स्वस्त मिळाली, तरी दुकानदाराला परत करा.