रेडिओआधी बल्ब लावा

डहाणू-घोलवडच्या चिकूवाड्यांमधला जुना बंगला आवरायला काढला की माळ्यावरून एखादा मर्फी नाहीतर फिलिप्स खाली येतोच. मर्फी तर घरचाच म्हणायचा. डहाणूचा पालघर जिल्हा ठाणे जिल्ह्यातून वेगळा झाला २०१४ साली, आणि मर्फीचा कारखाना ठाण्यातच होता. धूळ पुसून डायलची काच चमकली की घरातल्या कुणाला तरी राहवत नाही, तो पिन सॉकेटात खुपसतो. मग घुर्रर्र असा आवाज येतो, किंवा धूर. ‘व्हॉल्व्ह गेले’ असा निकालही लगेच लागतो. व्हॉल्व्ह बहुतेक वेळा ठणठणीत असतात. गेलेला असतो तो त्यांना वीज पुरवणारा भाग.

व्हॉल्व्हला दोन तऱ्हेची वीज लागते. आतला हीटर तापवायला ६.३ व्होल्ट, आणि आवाज वाढवण्याचं खरं काम करायला २००-२५० व्होल्ट डीसी, जिला मेकॅनिक ‘एचटी’ म्हणतात. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज ठरवतो, ईझेड ८० सारखा रेक्टिफायर व्हॉल्व्ह एसीचं डीसी करतो आणि दोन मोठे इलेक्ट्रोलायटिक कंडेन्सर तिच्यातले चढउतार सपाट करतात. घोडं अडतं ते याच कंडेन्सरांपाशी. त्यांच्या आत ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर ऑक्साइडचा पातळ थर असतो. वर्षानुवर्षं वीज मिळाली नाही की तो विरतो, आतला ओलावाही सुकतो. एकदम २३० व्होल्ट दिले तर कंडेन्सर शॉर्ट होतो, आणि जाताना रेक्टिफायर किंवा ट्रान्सफॉर्मरही घेऊन जातो. किनाऱ्याची खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस यात भर घालतात. चॅसिसला गंज चढतो आणि मेण लावलेले कागदी कंडेन्सर दमट होऊन गळू लागतात.

म्हणून आधी सिरीज बोर्ड. वायरमनकडे असतोच, नसला तर होल्डर, सॉकेट आणि ६० वॅटचा जुना पिवळा बल्ब एवढ्यात होतो; एलईडी इथे कामाचा नाही. रेडिओ बल्बच्या सिरीजमध्ये लावायचा. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर पुढे जायला हरकत नाही. भगभगीत पेटून राहिला तर आत शॉर्ट आहे. बल्बाचं बिल रेडिओच्या ट्रान्सफॉर्मरपेक्षा केव्हाही परवडतं. मागच्या व्होल्टेज सिलेक्टरवर ११० तर लावलेले नाहीत ना, तेही आधीच बघावं. आणि प्लग काढला तरी कंडेन्सरमध्ये वीज उरते. रेझिस्टरने ती उतरवून, मीटरने खात्री केल्याशिवाय आत हात घालू नये.

सेट सुरू झाला पण गुणगुणतो? आवाजाची कळ पूर्ण खाली करा. गुणगुण तशीच राहिली तर संशय फिल्टर कंडेन्सरवर. कळीबरोबर ती कमीजास्त झाली, तर दोष आधीच्या टप्प्यात शोधायचा. एचटी कमी भरते आणि ईएल ८४ या आउटपुट व्हॉल्व्हची प्लेट लालबुंद होते, तेव्हा पुरवठ्याचा काही दोष नसतो. त्याच्या ग्रिडकडे येणारा छोटा कागदी कंडेन्सर गळत असतो आणि व्हॉल्व्ह अधाशासारखा करंट ओढत असतो. हा एक कंडेन्सर मी मोजायच्या भानगडीत न पडता सरळ बदलतो. जुन्यापणाची माया कॅबिनेटवर करावी, कंडेन्सरवर नको. मात्र रेक्टिफायर काढून डायोड ठोकण्याचा शॉर्टकट मला पटत नाही. त्याने एचटी वाढते, आणि बाकीचे व्हॉल्व्ह तापायच्या आतच ती येऊन थडकते.

ट्रान्सफॉर्मर नसलेले ‘एसी-डीसी’ सेट निराळे. त्यात यूसीएच ८१, यूबीएफ ८९, यूसीएल ८२ आणि यूवाय ८५ यांचे हीटर दिवाळीच्या माळेसारखे एकामागोमाग जोडलेले असतात, एक तुटला की सगळे अंधारात. १९, १९, ५० आणि ३८ मिळून १२६ व्होल्ट. उरलेले शंभरेक ड्रॉपर रेझिस्टर पोटात घेतो आणि दहाएक वॅटची उष्णता ओकतो. या सेटचा चॅसिस मेन्सच्याच एका वायरला असतो. पिन उलटी बसली की तो पत्रा फेजवर. नॉबचा स्क्रू उघडा असेल तर मुलांना जवळ येऊ देऊ नका.

तलासरीकडच्या पाड्यांसारख्या, वीज उशिरा पोचलेल्या ठिकाणी मेन्सचा सेट काय कामाचा? अशा गावांसाठी बॅटरीचे व्हॉल्व्ह सेट निघत. डीके ९६, डीएल ९६ अशा व्हॉल्व्हना फिलामेंटसाठी फक्त १.४ व्होल्ट पुरतात आणि एचटीला ९० व्होल्टचा ड्राय पॅक लागतो. तो पॅक दुकानात मिळेनासा झाला म्हणून कित्येक सेट भंगारात गेले. खरं तर ९ व्होल्टच्या दहा चौकोनी बॅटऱ्या एकापुढे एक जोडल्या की तेवढेच ९० होतात, आणि फिलामेंटला एक मोठा सेल पुरतो. फक्त जोडताना ९० ची वायर फिलामेंटला लागली, तर सगळे व्हॉल्व्ह एका झटक्यात जातात.