मानधन की मजुरी? : संशोधकाच्या घरबसल्या कामाविषयी

गेल्या वर्षी माझी अधिछात्रवृत्ती संपली. प्रबंध संपला नव्हता. नामांतराच्या लढ्यातील मराठवाड्यातील स्त्रियांच्या आठवणी हा माझा विषय आहे. जुलै १९७८ मध्ये विधिमंडळाने ठराव केला आणि जानेवारी १९९४ मध्ये नामविस्तार झाला. या मधल्या काळात ज्या बायांनी आपली घरे जळताना पाहिली, त्यांच्या मुलाखती मी ध्वनिमुद्रित करून ठेवल्या होत्या. त्या लिहून काढायच्या राहिल्या होत्या आणि इकडे खोलीचे भाडे थकले होते. अशा वेळी एका ज्येष्ठ प्राध्यापकांनी सल्ला दिला, "अगं, घरी बसून काही काम कर. थोडंफार मानधन मिळेल." सल्ला चांगल्या मनाने दिलेला होता. त्यानंतर मी काय काम केले, कशात फसले आणि काय शिकले, ते येथे मांडते आहे. कारण ही अडचण माझ्या एकटीची नाही.

अडचण कोठून निर्माण होते हे आधी नीट समजून घेतले पाहिजे. विद्यापीठ अनुदान आयोगाची कनिष्ठ अधिछात्रवृत्ती १ जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आणि वरिष्ठ अधिछात्रवृत्ती ४२,००० रुपये झाली. दोन्ही मिळून ती जास्तीत जास्त पाच वर्षे मिळते. मात्र आयोगाच्याच २०२२ च्या नियमांनुसार पीएच.डी.साठी सहा वर्षांपर्यंत मुदत आहे. फेरनोंदणी केल्यास आणखी दोन वर्षे मिळतात, आणि स्त्रियांना व दिव्यांगांना त्याहून दोन वर्षे अधिक. म्हणजे पैसे पाच वर्षांचे आणि काम सहा, आठ किंवा दहा वर्षांचे. ज्यांना ही अधिछात्रवृत्ती मिळतच नाही त्यांची गोष्ट तर याहून वेगळी. ज्यांना मिळते त्यांनाही ती दरमहा वेळेवर मिळते असे नाही. जानेवारी २०१६ मध्ये हैदराबादला रोहित वेमुलाने आपल्या अखेरच्या पत्रात सात महिन्यांची अधिछात्रवृत्ती थकल्याचा हिशेब लिहून ठेवला होता. तो हिशेब आपल्यापैकी कोणीही विसरू शकत नाही.

ही मधली वर्षे कोण कशी काढतो? ज्याच्या वडिलांना निवृत्तिवेतन आहे, शहरात स्वतःचे घर आहे, तो ती काढून नेतो. ज्याच्या घरात पदवीपर्यंत पोहोचणारी पहिलीच पिढी आहे, त्याला संशोधन सोडून मिळेल ती नोकरी धरावी लागते किंवा संशोधन सांभाळून जोडधंदा करावा लागतो. यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१७ मध्ये बडोद्याची नोकरी सोडून मुंबईला परतल्यावर शिकवण्या केल्या, आणि १९२५ ते १९२८ या काळात बाटलीबॉय यांच्या हिशेबशास्त्राच्या संस्थेत व्यापारी कायदा शिकवण्याचे अर्धवेळ काम केले. प्रश्न जोडधंदा करण्याचा नाही. तो कोणत्या अटींवर करायचा याचा आहे.

पहिली अट नियमाची. आयोगाची अधिछात्रवृत्ती चालू असताना अन्य कोणतेही वेतन वा मानधन घेता येत नाही. इतर अधिछात्रवृत्त्यांची नियमपत्रेही हेच कलम शोधून वाचावीत. कोणी म्हणेल की कोण पाहतो? पण बँकेच्या खात्यात जमा झालेला पैसा सर्वांना दिसतो, आणि आपल्या बाबतीत तो मुद्दाम पाहिला जातो. तेव्हा पुढील सर्व कामे अधिछात्रवृत्ती नसलेल्यांसाठी किंवा संपलेल्यांसाठी आहेत असे समजावे.

आता कामे कोणती? पहिले अनुवादाचे. ते शब्दावर किंवा पानावर मिळते. दुसरे मुद्रितशोधनाचे, म्हणजे प्रुफे तपासण्याचे; त्याचा दर पानाला किंवा फर्म्याला असतो. त्यालाच जोडून पुस्तकाच्या शेवटी येणारी सूची करण्याचे काम असते. ते चिकाटीचे आहे आणि फार थोड्यांना येते. संशोधकाला मात्र ते सहज जमते. तिसरे मुलाखती लिहून काढण्याचे. परदेशी आणि महानगरी संशोधकांना आपल्याकडच्या बोली कळत नाहीत, म्हणून हे काम आपल्याकडे येते. चौथे पाठलेखनाचे. नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ मध्ये स्थापन झाले. अशी दूरशिक्षण देणारी विद्यापीठे आपल्या पुस्तकांचे घटक बाहेरच्या तज्ज्ञांकडूनही लिहून घेतात. मराठी विश्वकोशाच्या नोंदीही अशाच लिहवून घेतल्या जातात, आणि तेथे नोंदीखाली लेखकाचे नाव येते. पाचवे काम अलीकडचे, संगणकाला मराठी शिकवण्याचे. वाक्ये चूक की बरोबर ते सांगायचे, बोलीतील ध्वनिमुद्रण अक्षरात उतरवायचे, एखादे वाक्य जातीवरून अवमान करणारे आहे की नाही ते ठरवायचे. हा शेवटचा निवाडा करण्याचे ज्ञान आमच्याकडे पुस्तकातून आलेले नाही. पण या कामात नाव कोठेच येत नाही आणि पैसे नगावर मिळतात.

माझे पहिले काम अनुवादाचे होते. अठरा हजार शब्द, शब्दाला पन्नास पैसे, म्हणजे नऊ हजार रुपये. मला ती रक्कम मोठी वाटली. काम संपल्यावर मी तास मोजले. अनुवादाला बहात्तर आणि दोनदा प्रुफे पाहण्याला अठरा, असे नव्वद तास लागले होते. वीज, इंटरनेट, छपाई आणि एका शब्दकोशाची किंमत धरून अठराशे रुपये खर्च झाला. हाती राहिले बहात्तरशे, म्हणजे तासाला ऐंशी रुपये. आमच्या वस्तीतील गवंड्याला मी त्याची हजेरी विचारली. आठ तासांचे आठशे. म्हणजे त्याला तासाला शंभर पडतात, आणि तेही आठवड्याच्या बाजाराला हातात. माझे पैसे पाच महिन्यांनी आले.

गवंड्याला जास्त मिळते याचे मला वाईट वाटले नाही. त्याच्या हाताला कसब आहे. वाईट याचे वाटले की त्याला आपला दर ठाऊक होता आणि मला माझा ठाऊक नव्हता. मुलाखती लिहून काढण्याच्या कामात मी पुन्हा तशीच फसले. दर सांगितला गेला तासाला सहाशे. मी आनंदाने होकार दिला. पण तो तास बोलण्याचा होता, लिहिण्याचा नव्हे. एका तासाचे बोलणे लिहून काढायला मला सहा तास लागतात. सहाशेचे शंभर झाले.

येथे 'मानधन' या शब्दाकडे थोडे पाहिले पाहिजे. मजुरी म्हटले की दर, तास आणि तारीख विचारावी लागते. मानधन म्हटले की विचारणाऱ्यालाच संकोच वाटतो. देणारा जणू मान देतो आहे, मग त्याच्याशी घासाघीस कशी करायची? हा संकोच आपल्या लोकांना नवा नाही. महारकीच्या वतनाला गाव 'हक्क' म्हणत असे. हक्काची जमीन, हक्काचे बलुते. १९२८ मध्ये बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात वतन कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक आणले तेव्हा त्या हक्काच्या आत काय आहे ते उलगडून दाखवले. कामाला ठरलेले तास नाहीत, मोबदल्याला ठरलेला आकडा नाही, आणि एकजण हजर नसेल तर त्याच्या घरातील दुसऱ्याने हजर व्हायचे. पुढे १९५८ च्या कायद्याने ही कनिष्ठ गावकामगार वतने नष्ट झाली. वतनदार महाराची वेठ आणि खुर्चीवर बसून केलेला अनुवाद यांची बरोबरी मी करीत नाही. तसे करणे त्या वेठीचा अपमान ठरेल. पण गोड नावाखाली मोजमाप नाहीसे होते, ही रीत दोन्हींकडे एकच आहे.

घरी बसून काम करायचे, तर घर कसले आहे हेही पाहावे लागते. आमच्या घरात दोन खोल्या आणि पाच माणसे. दुपारी नळाला पाणी येते ते भरायचे, आणि त्याच वेळी संगणकही मोकळा असतो. भाऊ घरी बसून काम करतो तेव्हा तो कामात असतो. मी करते तेव्हा "घरातच आहेस ना" असे म्हणतात. आई हे मुद्दाम करीत नाही. तिच्या आयुष्यात कामाला जाणे म्हणजे घराबाहेर पडणे होते. शेवटी मी गावातल्या विहारातील अभ्यासिकेत सकाळचे तीन तास बसण्याची परवानगी मागितली आणि ती मिळाली. ज्यांच्या घरी जागा नाही त्यांनी ही वाट धरावी. आपल्या विहारांतून आणि समाजमंदिरांतून एक टेबल, वीज आणि इंटरनेट एवढी सोय कार्यकर्त्यांनी केली तरी चार संशोधकांचे प्रबंध पूर्ण होतील.

दोन सापळ्यांविषयी सांगते. पहिला सरळ आहे. काम देण्याआधी जो नोंदणीचे किंवा अनामत म्हणून पैसे मागतो, त्याच्याकडे काम नसते. काम देणारा पैसे देतो, घेत नाही.

दुसरा सापळा अवघड आहे, आणि त्यात मी पडले होते. दुसऱ्याच्या प्रबंधाचे एक प्रकरण मी पैसे घेऊन लिहून दिले. घरात आजारपण होते आणि एवढे पैसे दुसऱ्या कोणत्याच कामाला मिळत नव्हते. पुढे एका चर्चासत्रात माझीच वाक्ये मी मागच्या रांगेत बसून ऐकली. वाचकाने टाळी दिली तेव्हा मीही दिली. आयोगाचे वाङ्मयचौर्याविषयीचे २०१८ चे नियम आहेत. पण ते उचललेला मजकूर शोधतात, विकत घेतलेला सहसा सापडत नाही. तेव्हा नियमाचे भय दाखवून मी कोणाला परावृत्त करू शकत नाही. एवढेच सांगते की ज्या बायांनी माझ्यावर विश्वासून आपल्या आठवणी सांगितल्या, त्यांच्यापुढे बसताना मला ते प्रकरण आठवते. आपण ज्ञानात वाटा मागतो आहोत, आणि तेच ज्ञान दुसऱ्याच्या नावे करून देतो आहोत. ही चूक माझी आहे. दुसऱ्या कोणी ती करू नये म्हणून ती लपवत नाही.

आता हक्काची बाजू. १९५७ च्या स्वामित्व हक्क कायद्यानुसार अनुवाद ही स्वतंत्र कृती असते आणि तिच्यावरील पहिला हक्क अनुवादकाचा असतो. तुम्ही नोकर नसाल आणि हक्क लिहून दिला नसेल, तर तो तुमच्याकडेच राहतो. हक्क द्यायचा तर तो लेखीच द्यावा लागतो. करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरताच धरला जातो. हक्क विकल्यावरही ती कृती आपली आहे असे सांगण्याचा अधिकार कायद्याने राखलेला आहे. म्हणून काम घेण्यापूर्वी एक साधे पत्र घ्यावे. त्यात काम किती, दर कशावर, पैसे कोणत्या तारखेला, दुरुस्त्या किती वेळा आणि नाव कोठे छापणार, एवढ्या पाच गोष्टी असाव्यात. मोठा वकिली करार नको. ज्याला हे पत्र देणे जड जाते, त्याला पुढे पैसे देणेही जड जाते, हा माझा अनुभव आहे.

एकट्याने दर मागणे कठीण असते. तो नाकारला की दुसरा कोणी कमी दराने तयार असतो, आणि तो दुसराही बहुधा आपल्यातलाच असतो. यावर उपाय एकच दिसतो. प्रत्येक विद्यापीठातील आपल्या संशोधकांनी एक सामाईक वही ठेवावी. कोणते काम, कोणी दिले, दर काय, पैसे केव्हा मिळाले, हे तीत लिहावे. नव्याने येणाऱ्या विद्यार्थ्याला ती वाचायला द्यावी.

माझी वही मी सुरू केली आहे. सध्या मी एका पुस्तकाची सूची करते आहे, पानावर नव्हे तर तासावर, आणि तीत माझे नाव छापले जाणार आहे. सकाळचे तीन तास या कामाचे. दुपारी पाणी भरून झाल्यावर त्या बायांच्या मुलाखती लिहून काढते. एकवीस झाल्या आहेत, नऊ राहिल्या आहेत.