गॅलरी काचेने बंद करण्यापूर्वी

दोन वर्षांपूर्वीची एप्रिलमधील दुपार. जुळे सोलापुरातील माझ्या दवाखान्यात साडेचारच्या सुमारास फोन आला. जवळच्या सोसायटीतील अण्णा खुर्चीत बसल्या बसल्या असंबद्ध बोलू लागले होते. वय ७८, निवृत्त शिक्षक, माझे जुने रुग्ण. घरच्यांना अर्धांगवायूची शंका आली होती.

मी पोहोचलो तेव्हा अण्णा पश्चिमेकडच्या गॅलरीत होते. त्यांच्या पुण्यातील मुलाने ती दिवाळीत मोठ्या हौसेने बंद करून घेतली होती. तिन्ही बाजूंना सरकत्या काचा, वर पारदर्शक पॉलिकार्बोनेटचे छत, कोपऱ्यात कुंड्या. वडिलांना बसल्या जागी रस्ता दिसावा, धूळ आणि डास नसावेत, हा त्यामागचा सद्हेतू. आत पाऊल टाकताच भट्टीचे दार उघडल्याचा भास झाला. अण्णांचे अंग विलक्षण तापले होते, जीभ कोरडी पडली होती, नाडी धावत होती. त्यांना आतल्या खोलीत आणले, अंगभर ओली फडकी घातली, वारा घातला आणि तसेच रुग्णालयात हलवले. चार दिवसांनी ते घरी परतले. त्यांच्या रक्तदाबाच्या औषधांत लघवी वाढवणारी एक गोळी होती. उन्हाळा सुरू होताना तिचा फेरविचार मीच करायला हवा होता. तो मी केला नव्हता.

तेव्हापासून घरात वृद्ध व्यक्ती असलेले कुणी ‘गॅलरी बंद करून घेतोय’ म्हणाले, की मी रक्तदाब मोजणे बाजूला ठेवून आधी गॅलरीची दिशा विचारतो.

काचेची बैठक ही मुळात थंड देशांची गरज. तिथे हिवाळ्यात ऊन दुर्मीळ असते. मिळेल तेवढे आत घेऊन कोंडून ठेवायचे, हाच त्या रचनेचा उद्देश. काचेतून सूर्यप्रकाश सहज आत येतो, त्याने फरशी आणि भिंती तापतात. पण त्यांच्यातून निघणारी उष्णता काच तितक्या सहजपणे बाहेर सोडत नाही. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४२-४३ अंशांपर्यंत चढणाऱ्या आपल्या गावात अशा जागेत दुपारी काय होत असेल, हे वेगळे सांगायला नको. त्यातच उतारवयात तहानेची जाणीव मंदावते, घाम कमी येतो, आणि रक्तदाबाची, मानसिक आजारांची काही औषधे शरीराची थंड होण्याची क्षमता आणखी घटवतात. गुडघे दुखणारा माणूस ‘उठून आत जावे’ असे वाटले तरी उठत नाही, हेही त्यातलेच एक कारण.

सर्वांत अधिक विचार करावा तो छताचा. सोलापुरात मेच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो. त्यामुळे पारदर्शक छत, मग ते काचेचे असो वा पॉलिकार्बोनेटचे, इथे टाळावेच. साधा लोखंडी पत्राही तापून खाली उष्णता ओततो. पत्राच घालायचा असेल तर वरून पांढरा रंग द्यावा, खाली दुसरे आच्छादन घेऊन मधे हवेची पोकळी ठेवावी. स्लॅब असेल तर उन्हाळ्याआधी त्यावर चुन्याचा पांढरा हात फिरवण्याइतका स्वस्त उपाय नाही. आपल्या भागातील जुन्या माळवदाच्या घरांत लाकडावर मातीचा जाड थर असे. दिवसभराचे ऊन तो थर स्वतःच पीत राही. तशी घरे आता बांधली जाणार नाहीत, पण त्यामागचे शहाणपण विसरायचे कारण नाही. जुने सिमेंटचे पत्रे काढायचे असतील, तर त्यांत अ‍ॅस्बेस्टॉस असण्याची शक्यता असते. ते घरात कापू वा भोके पाडू नयेत. त्याची धूळ फुप्फुसांच्या कर्करोगाला कारण ठरते.

दिशेविषयी सांगायचे तर पूर्व उत्तम. सकाळचा उजेड मिळतो आणि त्याने रात्रीची झोपही सुधारते. दक्षिणेकडची जागा वर चांगली पडदी असेल तर फार सोयीची, कारण हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कलल्याने गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत ऊन आत येते आणि उन्हाळ्यात ते बाहेरच राहते. पश्चिम मात्र काचेला देऊ नये. तिथे जाळी, वेल, बांबूचे किंवा वाळ्याचे पडदे हवेत, आणि तेही काचेच्या बाहेरून. आतून सोलापुरी चादर टांगली, तरी उष्णता तोवर घरात आलेली असते.

काच लावायचीच तर ती किमान निम्मी उघडेल अशी, समोरासमोर आणि डासांच्या जाळीसह लावावी. काच टफन्ड असावी; ती फुटली तर तिचे बोथट बारीक तुकडे होतात. जमिनीपर्यंतच्या काचेवर डोळ्यांच्या उंचीला रंगीत पट्टी चिकटवावी, कारण मोतीबिंदू झालेल्यांना मोकळी वाट आणि स्वच्छ काच यांतला फरक कळत नाही. चौकटीसाठी अ‍ॅल्युमिनियमपेक्षा युपीव्हीसी कमी तापते.

फरशीकडे फॅब्रिकेशनवाला लक्ष देत नाही, म्हणून ते आपण द्यावे. सरकत्या दाराची उभी राहिलेली पट्टी पायाला लागते. ती फरशीच्या पातळीत बसवून घ्यावी. चकचकीत टाइल्स पावसाच्या शिंतोड्यांनी निसरड्या होतात. शेजारच्या कलबुर्गी जिल्ह्यातून येणारी खडबडीत शहाबादी फरशी पायाला धरून ठेवते. मात्र कोणतीही फरशी उन्हात तापतेच. मधुमेहामुळे पायांची संवेदना गेलेल्या एका आजींच्या तळव्यांना अशाच फरशीवर फोड आलेले मी पाहिले आहेत. त्यांना ते संध्याकाळी पायमोजे काढताना कळले. बंद गॅलरीतसुद्धा चपला घालाव्यात.

एक गैरसमज मात्र फार पसरलेला आहे. ‘रोज काचेआड उन्हात बसतो, तरी ड जीवनसत्त्व कमी कसे?’ हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी ऐकावा लागतो. त्वचेत हे जीवनसत्त्व तयार करणारे किरण खिडकीची काच जवळजवळ पूर्णपणे अडवते, पॉलिकार्बोनेटही अडवते. ऊन त्यासाठी हवे असेल तर ते उघड्या हवेतच घ्यावे लागते. हिवाळ्यात सकाळी दहाच्या पुढे थोडा वेळ हातपाय उघडे ठेवून बसावे, आणि कमतरता असल्यास तपासणी करून डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळी घ्यावी.

कुंड्यांखालच्या बशा आणि साठवणीच्या पाण्याची पिंपे यांत डेंग्यूचे डास होतात, म्हणून आठवड्यातून एकदा ती कोरडी करावीत. कबुतरांची विष्ठा कोरडी झाडू नये, ओली करून पुसावी. तिच्या धुळीने दम्यासारखा आजार होतो.

कुणी उन्हाच्या वेळी बरळू लागले, अंग तापले, तर ते वाताचे वा वयाचे समजू नये. लगेच सावलीत न्यावे, कपडे सैल करून अंग ओले करावे, १०८ला फोन लावावा. शुद्ध नसेल तर पाणी पाजू नये. हवा ४० अंशांपुढे असेल तर नुसता पंखा गरम वाराच अंगावर फेकतो. अंग ओले असणे महत्त्वाचे.

अण्णांच्या घरी पुढे बरीच वादावादी झाली. मुलगा अपराधी भावनेने सगळे काढून टाकायला निघाला होता. अण्णांना रस्ता सोडायचा नव्हता. ‘डॉक्टर, आत बसून मी भिंतीशी बोलू का?’ असे त्यांनी मलाच विचारले. शेवटी पारदर्शक छत गेले, पांढरा पत्रा आणि खाली आच्छादन आले, पश्चिमेच्या काचांच्या जागी जाळी व बाहेरून बांबूचा पडदा लागला. भिंतीवर तापमापक टांगला आहे. ३५च्या वर काटा गेला की आत यायचे, असे ठरले. अण्णांनी वहीत रोजचे तापमान लिहायला सुरुवात केली आहे आणि दर महिन्याला ती वही माझ्याकडे तपासायला आणतात. गेल्या मेमध्ये एका दिवसापुढे त्यांनी लिहिले होते : ‘३७. तरी बसलो. लग्नाची वरात होती.’