जुना फोन द्या, नवा घ्या : सवलत नेमकी कुठे असते?

अमेरिकेत व्हेरायझन, एटी अँड टी, टी-मोबाइल या कंपन्या जुन्या फोनच्या बदल्यात नव्यावर घसघशीत सवलत देतात. ही सवलत बहुधा हातात रोख पडत नाही. ती दरमहा बिलातून थोडी थोडी वळती होते. व्हेरायझन आणि एटी अँड टीकडे हा काळ साधारण ३६ महिन्यांचा असतो.

समजा, फोन १,०८० डॉलरचा आहे आणि सवलत ७२० डॉलरची. मग हप्ता ३० डॉलर, त्यातून २० वजा, म्हणजे महिन्याला १० डॉलर. पण वर्षभराने कंपनी बदलली, तर उरलेली ४८० डॉलरची सवलत बुडते आणि हप्त्यांचे बाकी राहिलेले ७२० डॉलर एकदम भरावे लागतात. शिकायला किंवा नोकरीनिमित्त गेलेल्या आपल्या मुलांनी हे आधी ध्यानात घ्यावे. तीन वर्षे तिथेच राहू याची खात्री अनेकांना नसते.

मोठ्या सवलतीसाठी अनेकदा महागडा प्लॅन घ्यावा लागतो. तो दरमहा १५ डॉलरने महाग असेल, तर ३६ महिन्यांत ५४० डॉलर जातात. कॅलिफोर्नियासारख्या राज्यात विक्रीकरही सहसा फोनच्या मूळ किमतीवर लागतो.

जुना फोन देण्यापूर्वी माहितीची प्रत काढा, आयफोनवरचे ‘फाइंड माय’ बंद करा, सगळे पुसून टाका. आयएमईआय क्रमांक टिपून ठेवा, चालू पडद्याचे फोटो काढा आणि पाठवल्याची पावती सवलत बिलात दिसेपर्यंत जपा.