निर्दोष सुटण्यापूर्वीची वर्षे

१ मे २०१९ रोजी, महाराष्ट्र दिनी, गडचिरोलीतल्या जांभुळखेड्याजवळ नक्षलवाद्यांनी भूसुरुंग उडवला. शीघ्र कृती दलाचे १५ जवान आणि त्यांच्या खासगी गाडीचा चालक ठार झाले. त्यांतले काही जवान भंडारा जिल्ह्यातले होते. दहशतवादविरोधी कायदा कडक हवा, ही मागणी अशा घरांतूनही येते आणि ती रास्त आहे.

याच भंडारा जिल्ह्यात, मोहाडी तालुक्यातल्या खैरलांजीत, २००६ मध्ये एका दलित कुटुंबातल्या चौघांची हत्या झाली. राज्यभर संताप उसळला. त्या आंदोलनातले एक कार्यकर्ते, ‘विद्रोही’ मासिकाचे संपादक सुधीर ढवळे यांना जानेवारी २०११ मध्ये वर्ध्यात अटक झाली. आरोप माओवाद्यांशी संबंध असल्याचा, कलमे यूएपीए या दहशतवादविरोधी कायद्याची आणि राजद्रोहाची. खटला चालला गोंदियात, म्हणजे १९९९ पर्यंत भंडाऱ्याचाच भाग असलेल्या जिल्ह्यात. मे २०१४ मध्ये न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडले. तोवर सुमारे ४० महिने कोठडीत गेले होते.

एवढा काळ का लागतो? एरवी आरोपपत्रासाठी पोलिसांना ६० किंवा ९० दिवस मिळतात; यूएपीएत ही मुदत १८० दिवसांपर्यंत वाढवता येते. मुंबईवरच्या हल्ल्यानंतर, डिसेंबर २००८ मध्ये, जामिनाची अटही कडक झाली. दहशतवादी कृत्याचा आरोप पोलिसांच्या कागदपत्रांवरून सकृद्दर्शनी खरा वाटला, तर न्यायालयाला जामीन देता येत नाही. पुराव्याची खरी छाननी खटल्यात होते आणि खटला वर्षानुवर्षे रेंगाळतो.

कायद्यात अंकुशही आहेत. खटल्यापूर्वी सरकारची मंजुरी लागते, तीही स्वतंत्र यंत्रणेने पुरावे तपासल्यावर. माओवाद्यांशी संबंधांचा आरोप झालेले प्राध्यापक जी. एन. साईबाबा आणि सहआरोपींच्या प्रकरणात ही मंजुरीच सदोष ठरली. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२२ मध्ये त्यांना सोडले, सर्वोच्च न्यायालयाने फेरसुनावणीचा आदेश दिला आणि मार्च २०२४ मध्ये खंडपीठाने पुन्हा निर्दोष ठरवले. सहआरोपी पांडू नरोटे त्याआधीच, २०२२ मध्ये, कैदेत असतानाच वारले होते.

खटला लांबला तर यूएपीएतही घटनात्मक न्यायालये जामीन देऊ शकतात, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये नजीब प्रकरणात स्पष्ट केले. २०१८ मध्ये एल्गार परिषद प्रकरणात पुन्हा अटक झालेल्या ढवळे यांना जानेवारी २०२५ मध्ये दीर्घ कोठडीच्याच कारणावरून जामीन मिळाला.

जुलै २०२५ मध्ये राज्याच्या विधिमंडळाने विशेष जनसुरक्षा विधेयक मंजूर केले. नवी कलमे आणताना जुन्या कायद्याखाली नाहक गेलेल्या वर्षांचाही हिशेब व्हायला हवा. चुकीच्या खटल्यांत भरपाईची तरतूद करा, अशी शिफारस विधि आयोगाने २०१८ मध्येच केली आहे. तिच्यावर आधी कायदा व्हावा.