मनीचे कूळ

नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ विचारू नये, असे आपल्याकडे सांगतात. मांजराचे कूळ विचारू नये, असे मात्र कुणी सांगून ठेवलेले नाही. ते विचारावे असे कुणाच्या मनातच आले नसावे. घोड्याची अवलाद पाहतात, म्हशीची जात पाहतात, मुधोळच्या कुत्र्याच्या आईबापांची चौकशी होते. आमचे कोल्हापूर तर जनावरांची पारख असलेले गाव. पण मांजर? ते एके दिवशी मागच्या दाराने येते, दुधाच्या पातेल्याचा अंदाज घेते आणि राहते. फार तर ‘बोका की भाटी?’ एवढे आपण विचारतो, तेही पुढे होणाऱ्या पिल्लांच्या धास्तीने.

आता ही चौकशी घरबसल्या करता येते. परदेशांत कितीतरी घरांतून ती होते आहे. टपालाने एक खोके येते, त्यात लांब दांडीचा कापसाचा बोळा असतो. तो मांजराच्या गालाच्या आतल्या बाजूने काही सेकंद फिरवायचा, वाळवायचा, पाकिटात घालून प्रयोगशाळेकडे पाठवायचा. गालाच्या आतल्या सुटलेल्या पेशी त्याला चिकटतात आणि त्या पेशींत मांजराच्या आईबापांकडून आलेला सारा ऐवज असतो, म्हणजे डीएनए. पथ्य इतकेच की मांजर नुकतेच जेवलेले नसावे. अंगावर पिणाऱ्या पिल्लाचा नमुना तर घेऊच नये, तोंडात आईच्या पेशी असतात आणि पिल्लाच्या नावावर आईचा अहवाल यायचा! मांजराच्या तोंडात बोळा कसा घालायचा, याचे शास्त्र अजून विकसित व्हायचे आहे. हाताला ओरखडे धरूनच हिशेब करावा.

माझी पुतणी न्यू जर्सीत असते. तिने तिकडच्या अनाथ प्राण्यांच्या आश्रयगृहातून एक करडा बोका आणला आणि वर्षभराने त्याची अशी चाचणी केली. अहवाल तिने मला फोनवर पाठवला. रंगीत वर्तुळे, टक्केवारी, आजारांची यादी. बोका मुख्यतः ‘पाश्चात्त्य’, शिवाय चिमूटभर पर्शियन आणि चिमूटभर मेन कून. “काका, आपल्या राजारामपुरीतल्या मनीची करायची का?” तिने विचारले. मी म्हटले, आधी हा कागद समजून घेऊ.

बँकेत तीसएक वर्षे काढलेल्या माणसाला असला कागद दिसला की त्याची पहिली नजर आकड्यावर जात नाही, आधारावर जाते. चेकवरची सही खरी की खोटी हे आम्ही कसे ठरवत होतो? नमुना सहीचे कार्ड काढायचे आणि शेजारी धरायचे. कार्डच नसेल तर सही कितीही सुबक असो, तिच्याबद्दल काही बोलता येत नाही. या चाचणीचेही तसेच आहे. डीएनएवर जातीचे नाव छापलेले नसते. प्रयोगशाळेकडे निरनिराळ्या जातींच्या मांजरांचे नमुने जमवलेले असतात, त्यांच्याशी तुमच्या मांजराचे साम्य ताडून पाहतात. ज्या मांजरांची कार्डे कपाटात जास्त, उत्तर तिकडे झुकणार. तेव्हा दोन टक्के पर्शियन म्हणजे मनीची पणजी कुणा इराणी गालिच्यावर लोळत होती असे नव्हे. डीएनएचा तेवढा तुकडा त्या कपाटातल्या पर्शियन नमुन्यांशी जुळला, इतकेच.

शिवाय मांजरांच्या ‘जाती’ हे प्रकरण मुळात फार अलीकडचे. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये हॅरिसन वीअर या चित्रकाराने १८७१ साली मांजरांचे मोठे प्रदर्शन भरवले, तेव्हापासून या हौसेला जोर आला. आजच्या बहुतेक जाती त्यानंतरच्या दीडशे वर्षांत निवडून निवडून घडवलेल्या आहेत, त्याही साध्या, घरच्या-दारच्या मांजरांतून. म्हणजे मनीमध्ये कोणती जात उतरली आहे, असे विचारणे उलटेच झाले. मनीसारख्यांतून जाती उतरल्या.

नावांवर तर अजिबात जाऊ नये. ‘बॉम्बे’ नावाची मांजराची एक जात आहे. काळीकुळकुळीत, तुळतुळीत, तांबूस-पिवळ्या डोळ्यांची. आपल्याला वाटावे, गिरगावातली असेल. ती घडवली अमेरिकेतल्या केंटकी राज्यात, निकी हॉर्नर नावाच्या बाईंनी, १९५०च्या दशकात, बर्मीज आणि काळ्या अमेरिकन मांजरांच्या संकरातून. हिंदुस्थानातल्या काळ्या बिबट्यासारखी दिसते म्हणून नाव बॉम्बे. मुंबईशी तिचा संबंध एवढाच. आणि पर्शियन? २००८ साली लेस्ली लायन्स यांच्या गटाने जगभरच्या मांजरांचे डीएनए ताडून पाहिले, तेव्हा आजची पर्शियन मांजरे पश्चिम युरोपातल्या मांजरांच्या गोतावळ्यात जाऊन बसली. इराण नावापुरते उरले.

मग खरे मूळ कुठले? कार्लोस ड्रिस्कॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली ९७९ रानटी आणि पाळीव मांजरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पाळीव मांजरे, मग ती कुठल्याही देशाची असोत, पश्चिम आशियातल्या रानमांजराच्या कुळाशी जुळली. धान्याची कोठारे आली, कोठारांत उंदीर आले, उंदरांमागे मांजर आले, असा हा साधारण क्रम मानतात. सायप्रस बेटावर सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वीच्या एका थडग्यात माणसाजवळ पुरलेले मांजर सापडले आहे. त्या बेटावर मूळची मांजरे नव्हती, कुणीतरी होडीतून नेलेले असणार. आपल्याकडे कच्छ-राजस्थानच्या कोरड्या भागात रानमांजराची एक वेगळी शाखा आहे, आणि उसाच्या फडाकडेला दिसणारे थोराड रानमांजर तर निराळीच प्रजाती. आमच्या मनीची आजी यांपैकी कुणीही नव्हे. ती बाहेरून आलेली, बहुधा धान्याच्या आणि जहाजांच्या सोबतीने. जहाजाचा भाग माझा तर्क आहे, पण कोकणातली बंदरे पाहिलेल्या माणसाला तो फार धाडसी वाटणार नाही.

उसाच्या फडाचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण तिच्यात कुणाचा तरी जीव जातो. तोडणीच्या हंगामात फडात मांजराची पिल्ले सापडतात. करडी, अंगावर ठिपक्यांच्या ओळी, कपाळावर पांढरट पट्टे, कान लहान आणि गोल. कुणीतरी हौसेने ती घरी आणतो. ही पुष्कळदा वाघाटी असते. जगातल्या सर्वांत लहान रानटी मांजरांत हिची गणना होते, पूर्ण वाढलेली वाघाटी दीड किलोच्या आसपास भरते. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत ती आहे. तिला पाळणे हा गुन्हा आहे आणि बशीतले दूध तिच्या पिल्लाला मानवतही नाही. जुन्नर भागात वन विभाग आणि वाइल्डलाइफ एसओएसची माणसे अशी पिल्ले खोक्यात घालून सापडल्या जागीच संध्याकाळी ठेवतात आणि लांब जाऊन थांबतात. रात्री आई येते, एकेक पिल्लू तोंडात धरून नेते. यासाठी कसली चाचणी लागत नाही. पिल्लाला हात न लावता वन विभागाला फोन करावा लागतो. आपल्या जिल्ह्यातही फड काही कमी नाहीत.

कुळाच्या बाबतीत कोल्हापूरचा एक जुना धागा मला या वाचनात सापडला. संस्थानी काळात इथे शिकारीचे चित्ते पाळलेले होते, आणि देशी चित्ते मिळेनासे झाल्यावर ते आफ्रिकेतून आणवले जात. आफ्रिकेच्या दक्षिण भागात क्वचित एक ‘राजा चित्ता’ जन्मतो, त्याच्या अंगावर ठिपक्यांऐवजी जाड, एकमेकांत मिसळलेले पट्टे असतात. पुष्कळ काळ लोक त्याला वेगळी प्रजाती समजत. २०१२ साली असे दिसून आले की त्याच्या अंगावरची ती नक्षी आणि गल्लीतल्या एखाद्या बोक्याच्या कुशीवरची वळणदार भोवऱ्यांची नक्षी एकाच जनुकातल्या बिघाडाने उमटते. आमच्या गल्लीत असा एक भोवऱ्यांचा बोका आहे. मासळीच्या पिशवीवर त्याची नजर असते. त्याच्याकडे मी आता जरा आदराने पाहतो.

आणि आमची मनी? ती तिरंगी आहे, पांढरी, काळी, नारिंगी. खरे तर तिच्या डीएनएचा बराचसा भाग अंगणात उन्हात पसरलेलाच असतो, वाचता आला पाहिजे. मांजराच्या नारिंगी रंगाचे जनुक एक्स गुणसूत्रावर असते. बोक्याला एकच एक्स, म्हणून तो नारिंगी तरी होतो किंवा काळा तरी. भाटीला दोन. एकावर नारिंगी आणि दुसऱ्यावर काळा असेल, तर गर्भात असतानाच प्रत्येक पेशी दोहोंपैकी एक एक्स मिटून टाकते आणि अंगावर दोन्ही रंगांचे तुकडे पडतात. मेरी लायन या इंग्लिश विदुषीने १९६१ साली हा विचार मांडला. पांढरा रंग दुसऱ्या जनुकाचा. म्हणून तिरंगी मांजर जवळजवळ नेहमी भाटी असते. तिरंगी बोका सापडलाच तर त्याच्याकडे सहसा एक एक्स जादा असतो आणि त्याला पिल्ले होत नाहीत. नारिंगी रंगाचा नेमका बदल मात्र २०२५ साली हाती लागला, जपानमधल्या क्यूशू आणि अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठांतल्या गटांना, स्वतंत्रपणे. पाच हजारांहून थोडी जास्त अक्षरे लांबीचा एक तुकडा तिथे गळालेला आहे. मनीचे केस आखूड, म्हणजे आखूड केसांचे निदान एक जनुक तिच्याकडे आहेच. लांब केस हवेत तर तो गुण आई आणि बाप दोघांकडून यावा लागतो.

या मिटण्या-उघडण्यात केवढी गंमत आहे पाहा. टेक्सास ए अँड एम विद्यापीठात २२ डिसेंबर २००१ला जगातले पहिले क्लोन केलेले मांजर जन्मले, ‘सीसी’. जिच्या पेशीतून ते केले ती ‘रेनबो’ तिरंगी होती. सीसीच्या अंगावर नारिंगी नावालाही नव्हते. डीएनए तोच, मांजर दुसरे. आपल्याकडे सटवाई कपाळावर लिहून जाते म्हणतात. लिहिलेले वाचले कसे जाते, हा निराळाच मामला दिसतो.

इथवर सगळी मौज झाली. पण आमच्या गल्लीत एक मांजर गेले, आणि तिथे मौज संपते. शेजारी निवृत्त मुख्याध्यापिका राहतात. सगळी गल्ली त्यांना ‘बाई’ म्हणते. मुलगा पुण्याला, घरी एकट्या. त्यांनी हौसेने पर्शियन बोका घेतला होता, ‘एकदम प्युअर’ असे विकणाऱ्याने सांगितले होते. सहाव्या वर्षी तो पाणी फार पिऊ लागला, जेवण टाकले, वाळत गेला. सोनोग्राफीत दोन्ही मूत्रपिंडे पाण्याच्या फोडांनी भरलेली निघाली. महिना-दीड महिना बाईंनी रोज त्याला सलाइन लावून आणले. नंतर कित्येक दिवस त्यांच्या स्वयंपाकघराचा दिवा लवकर मालवायचा.

हा पर्शियन कुळातला ओळखीचा आजार आहे. त्याचे जनुक २००४ साली सापडले. वेगवेगळ्या देशांतल्या पाहण्यांत एक तृतीयांशाहून अधिक पर्शियन मांजरांत तो आढळला होता. आईबापांपैकी एकाकडे जरी ते सदोष जनुक असले तरी निम्म्या पिल्लांत उतरू शकते, आणि पिल्लू गोंडस, खेळकर असताना बाहेरून काहीच कळत नाही. ‘प्युअर’ हा शब्द इथे गुण म्हणून विकला जातो, तो वस्तुतः इशारा आहे. लहानशा गोतावळ्यात पिढ्यानपिढ्या नाती झाली की असेच व्हायचे. माझ्या मते गालातल्या त्या बोळ्याचा खरा उपयोग हा एवढाच आहे. पैदास करणाऱ्याने नर-मादीची आधी ही तपासणी करावी आणि सदोष निघालेल्यांची पिल्ले घेऊ नयेत. मग बाईंसारख्यांच्या घरी ते दुःख येत नाही.

पण याच कागदाने उलटे अनर्थही होतात. ‘नेचर’ नियतकालिकात २०१८ साली तीन तज्ज्ञांनी अमेरिकेतल्या एका तेरा वर्षांच्या पग कुत्रीची हकिकत लिहिली. तिचे चालणे बिघडले होते. मालकांनी घरगुती चाचणी केली, अहवालात मज्जासंस्थेच्या एका असाध्य आजाराशी जोडलेला बदल निघाला, आणि त्यांनी तिला कायमचे झोपवले. त्या बदलाचे सगळेच कुत्रे आजारी पडत नाहीत, तिचे दुखणे उपचार होण्याजोगे दुसरेच असू शकत होते. मेन कून मांजरांच्या हृदयविकाराचा जो बदल २००५ साली सापडला, त्याचेही असेच. तो असला तरी काही मांजरे सुखाने जगतात, आणि तो नसला तरी हृदय धड राहील याची हमी नाही. अहवाल हातात आला की आधी जनावरांच्या डॉक्टरांकडे जावे. फोनवरच्या वर्तुळांकडे बघून कुणाच्या आयुष्याचा निकाल लावू नये.

मनीची चाचणी आम्ही केली नाही. पुतणी रागावली नाही, तिला मनीचा एक फोटो पुरला.

बाईंच्या मनात मात्र पुन्हा पर्शियन घ्यायचे आहे. त्या मोकळेपणाने म्हणाल्या, “मला त्याच्यासारखाच हवा आहे हो.” यावर मी काय बोलणार? मी त्यांना एका कागदावर तीन ओळी लिहून दिल्या : पिल्लाच्या आईबापांचा मूत्रपिंडाच्या जनुकाचा अहवाल, तो नसेल तर त्यांची सोनोग्राफी, आणि आजा-आजी कुठे आहेत, जिवंत आहेत का. बाई तो कागद घेऊन विकणाऱ्याकडे गेल्या. त्याने तो वाचला, दोनदा वाचला आणि विचारले, “बाई, तुम्ही मांजर घ्यायला आलाय, का मला कर्ज द्यायला?”

कागद त्याने ठेवून घेतला आहे. आठवड्याने फोन करतो म्हणाला.